मागच्या गल्लीत पोचलेलं बोलणं

माझं लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला गेले, त्याच्या थोडंच आधी माहेरी फोन आला होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावून इतकी वर्षं वाट पाहिली होती की फोन बसला त्या दिवशी त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. फोन बसवला तो अर्थातच पुढच्या खोलीत, त्यांच्या खुर्चीशेजारी. आमचं घर लांबट, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढची खोली, मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग परस आणि परसाच्या भिंतीपलीकडे मागची गल्ली. पुढच्या खोलीत आबांचे निवृत्त मित्र पेपर वाचत बसायचे. सकाळी दोघं, संध्याकाळी चौघं. आई स्वयंपाकघरात. तिचे गुडघे धरलेले. माझा फोन आला की आबा हाक मारायचे, आई भिंतीचा आधार घेत पुढे यायची आणि त्या सगळ्यांच्या देखत माझ्याशी बोलायची.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"जेवलीस?"

"हो."

मी काही विचारलं की ती "हो हो" म्हणायची, किंवा "बघू" म्हणायची. तिच्या त्या "बघू"मागे कोण बसलेलं आहे ते मला धुळ्यात दिसायचं.

धुळ्याच्या घरीही फोन होता, पण तो खाली दुकानात. सासऱ्यांचं मोटारपंपाच्या सामानाचं दुकान होतं. वर आम्ही राहायचो. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत आणि सासूबाईंना अक्का. मीही तेच म्हणू लागले. दुकानातून माहेरी फोन करणं म्हणजे नाना, दोन नोकर आणि पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक यांच्यात उभं राहून बोलणं. म्हणून मी भाजी आणायला निघाले की गल्लीच्या टोकाच्या एसटीडी बूथवर जायचे. काचेच्या कपाटासारखी ती केबिन. उन्हाळ्यात आत उभं राहिलं की पाठ भिजून निघायची. पण निदान माझ्या बाजूला तरी दार लागायचं. आईच्या बाजूला नव्हतं.

लग्नाला तीन-चार महिने झाले असतील. दुपारची जेवणं चालली होती. हे, म्हणजे माझे यजमान, ताटावर बसलेले. मी भाकरी वाढायला वाकले आणि यांनी माझ्याकडे पाहिलं, पण ते पाहणं माझ्यापर्यंत पोचलंच नाही. मग हात आखडला, मान एका बाजूला गेली आणि ताटासकट हे आडवे झाले. अंगाला झटके बसायला लागले. मी किंचाळले. अक्का मात्र किंचाळल्या नाहीत. त्या सरळ दाराकडे गेल्या, यांची चप्पल आणली आणि नाकाशी धरली. कुठली गोष्ट कुठे ठेवली आहे ते माहीत असलेल्या माणसासारख्या त्या वागल्या. त्यावरून मला कळलं की हे पहिल्यांदा होत नाहीये.

झटके थांबल्यावर यांच्या ओठाच्या कडेला रक्त होतं. जीभ चावली गेली होती. अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काही नही व्हयनं. पित्त शे त्याले. कोनले सांगू नको."

पित्त नव्हतं ते. लहानपणापासून फिट यायच्या. मध्ये डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यांनी झोप येते म्हणून यांनी सोडून दिल्या होत्या. हे मला यांनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी, गच्चीवर कपडे वाळत घालताना. हे चिमटे हातात देत होते.

"तुला आधी सांगायला पाहिजे होतं," हे म्हणाले.

"मग का नाही सांगितलं?"

"घरात म्हणाले, लग्नानंतर थांबतं."

मला राग आला नाही असं नाही. पण रागापेक्षा भीती मोठी होती. दुकानात वरच्या फळीवरचं सामान काढायला हे शिडीवर चढत. खाली मोटार तपासायचं टेबल. मी माडीवरून शिडीचा आवाज ऐकत बसायचे. आणि हे कोणाशी बोलायचं ते मला कळत नव्हतं. आईशिवाय कोण होतं? आईसमोर तर चार माणसं पेपर वाचत बसलेली.

त्याच सुमाराला माझा मामेभाऊ आखातातून सुट्टीवर आला आणि त्याने आबांना एक कॉर्डलेस फोन आणून दिला. वायरीला जोडलेला डबा एका जागी ठेवायचा आणि बिनवायरीचा रिसीव्हर हातात घेऊन घरभर हिंडायचं. मी तेव्हा माहेरी आले होते. आबा लहान मुलासारखे खूश होते. रिसीव्हरची बारीक काडी ओढून लांब करायची, कानाला लावायचा, आणि बघा, वायर नाही! मित्रमंडळींनी तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

मी तो घेतला आणि थेट स्वयंपाकघराकडे निघाले. मधल्या खोलीच्या उंबऱ्यापाशीच खरखर सुरू झाली. स्वयंपाकघराच्या दारात आवाज तुटू लागला. आत, आईच्या पाटापाशी, नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज.

"इथे येत नाही," मी म्हटलं.

आबांना तो अपमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तेच काम धरलं. डबा आधी टीपॉयवर होता, तो कोनाड्यात ठेवला. मग कोनाड्यातून माळ्यावर. मधल्या खोलीत लोखंडी कपाट होतं, ते आड येतं असं दादाला, माझ्या भावाला, वाटलं, म्हणून दोघांनी ते ढकलत दुसऱ्या भिंतीला नेलं. फरशीवर कायमचे ओरखडे उठले. थोडा फरक पडला. मग आबा म्हणाले, स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी पितळेची आणि स्टीलची, तिच्यावर आवाज आपटत असेल. आई म्हणाली, "आता मांडणी फेकू का?" शेवटी वहिनी रिसीव्हर कानाला लावून घरभर फिरायची, दादा पुढच्या खोलीत डबा इकडेतिकडे सरकवायचा, आणि आबा मध्ये उभे राहून विचारायचे, "आता?" वहिनी म्हणायची, "आहे." एक पाऊल पुढे. "गेलं." त्यात वीज गेली की डबाच बंद. मग सगळे घाम पुसत बसायचे.

माझी सुट्टी संपून मी धुळ्याला परत आले. काही दिवसांनी बूथवरून फोन लावला तर आई पहिल्याच वाक्याला म्हणाली, "बोल, मी परसात बसलेय. एकटीच आहे."

मला खरंच वाटेना. "परसात? ऐकू येतंय?"

"अगदी शेजारी बसल्यासारखं."

आबांनी युक्ती केली होती. टीव्हीची अँटेना त्यांनी स्वतःच गच्चीवर उभी केलेली होती. डब्याच्या काडीला त्यांनी तांब्याची तार बांधली, खिडकीतून बाहेर काढली आणि वर नेऊन त्या अँटेनाच्या पाइपाच्या टोकाला, पाइपाला न टेकता, लाकडाच्या पट्टीवर ताणून बसवली. झालं. आता आवाज परसात, न्हाणीत, पार कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत पोचत होता. आबा रिसीव्हर घेऊन कडुनिंबाखाली गेले होते आणि तिथून त्यांनी भुसावळच्या काकांना फोन करून सांगितलं होतं, "मी रस्त्यावर उभा राहून बोलतोय!"

त्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. फिट, चप्पल, जीभ, शिडी, गोळ्या. बूथच्या काचेवर कपाळ टेकून मी रडले. आईने आधी मला रडू दिलं. मग म्हणाली, "आपल्याला सांगितलं नाही त्यांनी."

"नाही."

"आबांना मी आत्ताच बोलत नाही. त्यांचं डोकं फिरेल. तू आधी जावयांच्या गोळ्या सुरू कर. भांडून नाही. जवळ बसून."

तिचं ऐकून मी तसंच केलं. यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. कधी विसरायचे, कधी मुद्दाम टाळायचे. दर आठवड्याला मी आईला सांगायचे आणि ती परसातल्या दगडावर बसून ऐकायची. लग्नानंतर पहिल्यांदाच मला आई पुरती मिळाली, असं वाटत होतं.

यांची धाकटी बहीण, माझी नणंद, तेव्हा कॉलेजचं शेवटचं वर्ष संपवून घरी होती. मला ती भाभी म्हणायची. आमच्यात वयाचं फारसं अंतर नव्हतं. तिला एक स्थळ आलं, नेमकं जळगावचं. मुलगा प्राध्यापक. पाहायला आला तेव्हा त्याने तिला विचारलं, तुम्हाला काय वाचायला आवडतं, आणि ती चक्क उत्तर देत बसली. बैठकीतले सगळे गप्प झाले. दोघं बोलतच राहिली. तो गेल्यावर अक्का म्हणाल्या, "आते बठ्ठं जमनं." आता सगळं जमलं. साखरपुड्याचा दिवस काढायचं ठरलं.

मुलाकडच्यांना यांच्या आजाराबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. मला ते टोचत होतं. मी स्वतः त्याच न सांगण्यातून या घरात आले होते. पण तोंड उघडायची माझी जागा नव्हती. त्यातच यांना पुन्हा एक मोठी फिट आली, जिन्यात. डोक्याला खोक पडली. मी बूथवर धावले आणि आईला म्हटलं, "आई, हे जिन्यात पडले, टाके पडले. मला भीती वाटते. गोळ्या पुन्हा सोडल्यात. आणि पुढच्या महिन्यात नणंदेचा साखरपुडा आहे, तिथे कुणाला काही माहीत नाही. उद्या त्यांना कळलं म्हणजे?"

आई म्हणाली, "ते त्यांचं ते बघतील. तू जावयांना डॉक्टरकडे ने."

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. नाना दुपारी दुकान नोकरांवर टाकून वर आले. नाना दुपारी कधीच वर येत नसत. अक्का गहू निवडत होत्या. नाना म्हणाले, "जळगावचे नको म्हणतात."

"काबरं?"

"म्हणतात, घरात फिटचा आजार आहे. मोठ्या मुलाला येते. जिन्यात पडला, टाके पडले, सगळं माहीत आहे त्यांना."

जिन्यात पडल्याचं घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. दुकानात सांगितलं होतं, खिडकी लागली. अक्कांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरले नाही.

"घरमातली गोट जळगावले कशी गयी?"

मी सुपाबाहेर सांडलेले गहू वेचू लागले.

"तुना मायले सांगं ना तू? खरं सांग."

"सांगितलं," मी म्हटलं. "आईला सांगितलं. आणखी कुणाला नाही. आई कुणाला सांगणार नाही."

"मंग काय वाऱ्यावर गयं?"

नणंद मधल्या दारात उभी होती. ती वळून आत गेली. तिने दार लावून घेतलं नाही, रडण्याचा आवाजही आला नाही. हे त्या वेळी दुकानात होते. संध्याकाळी वर आले तेव्हा त्यांना सगळं कळलेलं होतं. जेवले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "मी तुला गच्चीवर सांगितलं, ते तुला सांगितलं होतं."

अक्कांनी मला घरातून काढलं नाही, मारहाण केली नाही, कुणी काही ऐकायला मिळेल अशी अपेक्षा करत असेल तर तसं काही घडलं नाही. त्या माझ्याशी कामापुरतं बोलत राहिल्या. पण दुसऱ्या बाईशी बोलताना मी आत आले की त्या थांबायच्या. मी भाजीला निघाले की अक्का म्हणायच्या, "मी जास." मी जाते. माझं बूथवर जाणं बंद झालं.

जळगावला वेगळंच पेटलं होतं. मी एकदा कशीबशी दुकानातून फोन करून आईला मोघम सांगितलं होतं की बातमी फुटली. आबांना आणि दादालाही मग सांगावं लागलं. आईने ठरवून टाकलं की हे वहिनीचं काम. आईच्या बोलण्याच्या वेळी परसात जाणारी-येणारी तीच होती. तिचं माहेरही जळगावातच, दोन गल्ल्या सोडून. आई तिला थेट काही म्हणाली नाही. फक्त फोन आला की म्हणायला लागली, "जरा आत जा बरं." आणि एकदा दादाच्या समोर म्हणाली, "काही काही घरांत भिंतींना कान लागत नाहीत, माणसंच पुरतात." वहिनीने त्या दिवशी दादाला विचारलं, "तुम्हालाही तसंच वाटतं?" दादा म्हणाला, "मी काय म्हणालो?" त्याचं हे असंच. वहिनी त्यानंतर त्याच्याशीही मोजकं बोलू लागली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्या खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला पाठवतील असं वाटलं नव्हतं. पण अक्का म्हणाल्या, "जाय. लोक काय म्हनतीन." दादा न्यायला आला. एरंडोल, पारोळा सगळा रस्ता आम्ही एसटीत शेजारी बसलो आणि हवेबद्दल बोललो.

घरी पुरणपोळीचा घाट चालू होता आणि घर मुकं होतं. आई एका चुलीपाशी, वहिनी दुसऱ्या शेगडीपाशी. दोघी माझ्याशी बोलत होत्या, एकमेकींशी नाही. मी वहिनीकडे पाहायचे आणि मला वाटायचं, हिने सांगितलं नसेल. मग वाटायचं, मग कोणी? पण विचारायचं धाडस होत नव्हतं. आणि मी विचारत नाही, हेही तिला दिसत होतं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई मधल्या खोलीत आडवी झाली होती. मी तिच्या पायांना तेल लावत होते. वहिनीला तिच्या बहिणीला फोन करायचा होता. ती रिसीव्हर घेऊन परसात गेली. नंबर लावण्याआधीच ती थांबली. मला दारातून दिसत होतं. तिने रिसीव्हर कानापासून दूर धरला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला. मग ती भिंतीपाशी गेली आणि टाचा उंच करून मागच्या गल्लीत पाहिलं.

ती आत आली. एक शब्द न बोलता तिने रिसीव्हर आईच्या कानाला लावला.

आई दचकली. "काय गं?"

"ऐका."

आईने ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आधी काही समजत नसल्यासारखा, मग ओळख पटल्यासारखा, मग तो चेहरा एकदम म्हातारा झाला. तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला. आत एका बाईचा आवाज होता. लोणच्याला कैऱ्या या वर्षी महाग आहेत, मुलगी सोलापूरला बदलून गेली, सुनेचा पाय जड आहे. खरखर होती, पण शब्द न् शब्द कळत होता. आणि तोच आवाज, जरा मागेपुढे, परसाच्या भिंतीपलीकडून हवेतूनही येत होता. मागच्या गल्लीतल्या काकू आपल्या अंगणात बसून बोलत होत्या. त्यांच्याकडेही मुलाने तसलाच फोन आणला होता.

मी आबांना बोलावलं. ते आले, त्यांनी ऐकलं. आमचा फोन तर ठेवलेला होता, नंबरही लावलेला नव्हता. आबांनी रिसीव्हर हातात फिरवून पाहिला. मग स्वतःशीच म्हणाले, "त्यांचं आपल्याकडे येतं, म्हणजे आपलं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गच्चीवरच्या तारेतून जाणारा आवाज मुख्यतः पलीकडून बोलणाऱ्याचा असणार, काकूंसारखं मोठ्याने बोललं तर आपलाही थोडा जातो, हे दादाने नंतर कुणाला तरी विचारून आणलं. म्हणजे आई परसात हळू बोलायची ते फारसं कुठे गेलंच नव्हतं. गेले होते ती मी. धुळ्याच्या काचेच्या केबिनमध्ये दार लावून बोललेली मी.

वहिनी अजून उभीच होती. आई म्हणाली, "बस गं. चहा टाकते."

"चहा नको," वहिनी म्हणाली. "मी दोन महिने या घरात चोरासारखी वावरले. तुम्ही तोंडाने कधी बोलला नाहीत, म्हणून मला तोंडाने उत्तरही देता आलं नाही. आता तरी तोंडाने म्हणा."

माझ्या आईला मी कधी कोणापुढे नमताना पाहिलं नव्हतं. तिने भिंतीला हात लावला, उठून उभी राहिली. तिला उठायला त्रास व्हायचा, पण बसून म्हणायचं नाही असं तिने ठरवलं असावं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तू नव्हतीस."

वहिनीने मान हलवली आणि ती परसात गेली. दादा तिच्यामागे गेला. तिने त्याला परत पाठवलं. तिचं दादावरचं मन पुढे बरीच वर्षं साफ झालं नाही. आईला तिने माफ केलं असावं, कारण आई निदान काहीतरी म्हणाली होती.

आबांनी त्याच दुपारी, भर उन्हात, गच्चीवर जाऊन तार काढली. खाली आले तेव्हा हाताला चटके बसलेले होते. तार गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकली आणि जुना वायरीचा फोन पुन्हा जोडला. कडुनिंबाखालून त्यांनी कितीजणांना फोन केले होते ते त्यांना तेव्हा आठवत असेल.

संध्याकाळी आई आणि मी मागच्या गल्लीत गेलो. आईला पायऱ्या जमत नव्हत्या, तरी आली. काकूंनी आम्हाला पाहिलं आणि त्यांना कळलं. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. खोटं बोलल्या नाहीत.

"मी कान देऊन बसले नव्हते हो," त्या म्हणाल्या. "फोन उचलला की तुमच्या मुलीचा आवाज. पहिल्यांदा ठेवून दिला. दुसऱ्यांदाही ठेवला. पण त्या दिवशी साखरपुड्याचं नाव निघालं. तो मुलगा माझ्या सख्ख्या बहिणीचा."

आईने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुमच्या बहिणीच्या मुलाचं असतं आणि तुमच्या कानावर पडलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता?"

आईने थोडा विचार केला. "नसते बसले," ती म्हणाली. "पण आधी समोरच्या दाराने आले असते."

काकूंनी मान खाली घातली. आम्ही घरी आलो. मला त्यांच्यावर मनसोक्त रागावायचं होतं आणि ते जमत नव्हतं. आम्हाला लग्नाआधी अशी एखादी काकू भेटली असती तर आईने तिचे पाय धरले असते.

धुळ्याला परत गेल्यावर मी यांना सगळं सांगितलं. तार, अँटेना, मागची गल्ली. मला वाटलं होतं, हे ऐकून गाठ सुटेल. हे ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे कोणी मुद्दाम केलं नाही."

"नाही."

"बरं आहे. पण तू सांगितलंस, हे तर खरंच."

"मला एकटीला झेपत नव्हतं."

"तेच मला सांगायचं होतंस." थोड्या वेळाने म्हणाले, "मलाही एकट्याला झेपत नव्हतं. लहानपणापासून."

अक्कांना अँटेनाची गोष्ट पटली नाही. फोनमधलं बोलणं भिंतीपलीकडे जातं, यावर त्यांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. नाना मात्र म्हणाले, "जाऊ दे. लपवलं ते आपणच." त्यावर अक्का ताडकन उठल्या. "मी माय शे. आंडोरना रोग चौकमा मांडू का?" मुलाचा रोग चौकात मांडू का? आणि तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. मुलगा तीन वर्षांचा असल्यापासून त्याची चप्पल त्या दाराशी ठराविक जागी ठेवत आल्या होत्या. कोणाला कळू न देता. त्यांनाही बोलायला कुठलं परस मिळालं नव्हतं.

आता लपवण्यासारखं उरलंच नव्हतं, तेव्हा हे डॉक्टरकडे उघडपणे जाऊ लागले. गोळ्या बदलल्या, या गोळ्यांनी तेवढी झोप येत नव्हती. दुकानातल्या नोकरांना सांगून ठेवलं. शिडीवर चढणं बंद झालं. एकदा गिऱ्हाइकांसमोर फिट आली, नोकराने कुशीवर वळवलं, डोक्याखाली पोतं दिलं, आणि दुसऱ्या दिवशी तीच गिऱ्हाइकं परत आली. हे घरी येऊन म्हणाले, "कोणी काही म्हटलं नाही." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. पण त्यानंतरही माझ्याशी बोलताना ते एक वाक्य बोलून थांबायचे, जणू पुढचं कुठपर्यंत जाईल याचा अंदाज घेत. ते थांबणं कमी झालं, गेलं नाही.

नणंदेला पुढची दोन स्थळं आली तेव्हा यांनी हट्ट धरला की मी स्वतः जाऊन सांगणार. अक्का नको नको म्हणाल्या. हे गेले. पहिल्या घराने ऐकून घेतलं आणि काही दिवसांनी नकार कळवला. दुसरं घर चोपड्याकडचं, केळीचे बागायतदार. मुलाच्या वडिलांनी यांना गोळ्यांची नावं विचारली, किती दिवसांनी येते विचारलं, आणि म्हणाले, "आमच्याकडेही एकाला आहे. आम्हीपण सांगणारच होतो." लग्न झालं. घर चांगलं होतं, माणसं सरळ होती, मुलगा कष्टाळू. तिला दोन मुलं झाली.

एकदा ती आखाजीला धुळ्याला आली होती. आम्ही दोघी गच्चीवर पापड वाळत घालत होतो. मी सहज विचारलं, "बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे, भाभी. काही कमी नाही." तिने पापडाची कड सरळ केली. "तो जळगावचा मला आवडला होता. तेवढंच. त्याने पुस्तकाचं विचारलं होतं. इकडे कोणी विचारत नाही."

मी तिच्याकडे पाहिलं.

"तुला दोष द्यायला म्हणून सांगत नाही," ती म्हणाली. "तुझं काही नाही त्यात. माझ्या दादाचंही नाही. पण आवडला होता, हे मी अजून कोणाला बोलले नव्हते."

मी तिच्या हातातला डबा घेतला आणि उरलेले पापड घालायला लागले. खालून अक्का विचारत होत्या, चहा वर पाठवू का. ती कठड्याशी गेली आणि म्हणाली, "आम्हीच येतो खाली."